पेशीची आकृती आणि काचपट्टीवरची पेशी

इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीची जी रंगीत आकृती असते, तिच्यात केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी संकुल, आंतर्द्रव्यजालिका, रायबोझोम, रिक्तिका ही सर्व अंगके एकाच वेळी, स्वच्छ कडांनी आणि वेगवेगळ्या रंगांत दाखवलेली असतात. विद्यार्थी शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो तेव्हा मात्र त्याला कांद्याच्या पापुद्र्यातील लांबट चौकटी तेवढ्या दिसतात. आयोडीनचा थेंब टाकलेला असेल तर बहुतेक चौकटींत एकेक गडद ठिपका दिसतो आणि त्यापलीकडे काही नाही. यवतमाळ किंवा गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेत, जिथे प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट आणि एक लांब टेबल असते, तिथेही हेच दिसते आणि शहरातील सुसज्ज शाळेतही हेच दिसते. ‘मग तंतुकणिका कुठे आहे?’ हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त असतो, पण ‘आपला सूक्ष्मदर्शक कमी ताकदीचा आहे’ एवढे सांगून तो बहुधा मिटवला जातो. हे उत्तर अपुरे आहे. पुस्तकातील आकृती कोणत्याही एका सूक्ष्मदर्शकातून, कोणत्याही एका पेशीत, कोणालाही तशी दिसलेली नाही. सुमारे तीनशे वर्षांत वेगवेगळ्या उपकरणांनी, वेगवेगळ्या प्रकारे तयार केलेल्या पेशींवर जी निरीक्षणे झाली, त्यांची ती एकत्र मांडणी आहे. त्यामुळे पेशीत काय असते हे शिकताना ते कशाच्या साहाय्याने कळले हेही सोबतच शिकले, तर आकृती पाठ करावी लागत नाही, ती समजते.

सुरुवात आकारापासून करावी लागते. निरोगी डोळ्याला सुमारे २५ सेंटिमीटरवरून पाहताना एकमेकांपासून ०.१ मिलिमीटर दूर असलेले दोन बिंदू कसेबसे वेगळे ओळखू येतात. त्याहून जवळ असलेले बिंदू एकच दिसतात. पेशींच्या जगात मिलिमीटर हे माप फार मोठे पडते, म्हणून त्याचा हजारावा भाग, म्हणजे मायक्रोमीटर, वापरतात. या मापाने डोळ्याची मर्यादा १०० मायक्रोमीटर ठरते. गालाच्या आतील अस्तराची पेशी ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद असते, तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर, आणि नेहमी आढळणारे बरेचसे जीवाणू एक-दोन मायक्रोमीटर लांबीचे असतात. तंतुकणिकेची जाडी अर्धा ते एक मायक्रोमीटर असते. रायबोझोम एका मायक्रोमीटरच्या चाळीस-पन्नासाव्या भागाएवढा असतो आणि पेशीपटलाची, म्हणजे पेशीतील द्रव्याला वेढणाऱ्या पातळ आवरणाची, जाडी तर शंभराव्या भागाहूनही थोडी कमी भरते. एकाच आकृतीत शेजारी-शेजारी काढलेल्या केंद्रक आणि रायबोझोम यांच्या आकारांत दोन-तीनशे पटींचा फरक असू शकतो, हे पानावर पाहून कधीच लक्षात येत नाही, कारण प्रमाणात काढायचे ठरवले तर रायबोझोम पानावर उमटणारच नाही.

येथे एक अडचण चटकन ध्यानात येते. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी बरीच मोठी असते. तिची लांबी बहुधा २०० ते ४०० मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्या दुप्पट ते चौपट असते. तरीही ती नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही, कारण ती पारदर्शक असते आणि तिच्या कडा व आतला भाग यांतून जवळजवळ सारखाच प्रकाश पार होतो. एखादी गोष्ट दिसण्यासाठी ती मोठी होणे पुरेसे नसते. ती भोवतालापासून वेगळी उठून दिसावी लागते. सूक्ष्मदर्शनशास्त्राचा अर्धा इतिहास भिंगांचा असेल, तर उरलेला अर्धा रंगांचा आहे, आणि शाळेत या दुसऱ्या अर्ध्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

शाळेतील संयुक्त सूक्ष्मदर्शकात वस्तूजवळचे वस्तुभिंग आणि डोळ्याजवळची नेत्रिका अशी भिंगांची दोन टोके असतात. वस्तुभिंग मोठी प्रतिमा तयार करते आणि नेत्रिका त्या प्रतिमेला आणखी मोठी करते, म्हणून दोघांचे वर्धन गुणायचे असते. नेत्रिकेवर १० आणि वस्तुभिंगावर १० लिहिले असेल तर वस्तू १०० पट मोठी दिसते. ४५चे वस्तुभिंग फिरवून खाली आणले तर ४५० पट. प्रतिमा उलटी असल्यामुळे काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जाते, आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. किती पट मोठे दिसते हे सर्वांना सांगता येते, पण समोर दिसणारी पेशी प्रत्यक्षात केवढी आहे हे फार थोडे विद्यार्थी मोजतात. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. कंपासपेटीतील पारदर्शक प्लास्टिकची पट्टी मंचावर ठेवून १०च्या वस्तुभिंगाने तिच्यावरील मिलिमीटरच्या खुणा पाहाव्यात. अनेक शालेय सूक्ष्मदर्शकांत दिसणारे गोल क्षेत्र सुमारे १.८ मिलिमीटर व्यासाचे भरते. तेवढ्या व्यासावर कांद्याच्या सहा पेशी लांबीने बसत असतील, तर एक पेशी ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रोमीटर लांब आहे. ४५चे वस्तुभिंग लावल्यावर क्षेत्र साडेचार पटींनी आकसून ०.४ मिलिमीटर होते, म्हणूनच त्यात जेमतेम एक पेशी मावते आणि चित्र काळपट दिसू लागते. वर्धन वाढते तसे क्षेत्र कमी होते आणि उजेडही कमी होतो, हा व्यवहार प्रत्येक वेळी करावा लागतो.

उजेडाच्या बाबतीत जुन्या पद्धतीचा आरशाचा सूक्ष्मदर्शक ग्रामीण शाळेला अधिक सोयीचा आहे, असे माझे मत आहे. लाइन गेली तरी त्याचे काम अडत नाही. व्हरांड्यात, उत्तरेकडच्या मोकळ्या आकाशाकडे आरसा वळवून ठेवला की समसमान प्रकाश मिळतो. आरशातून थेट सूर्याचा प्रकाश मात्र कधीही घेऊ नये, कारण भिंगांतून एकवटलेले ऊन डोळ्याला कायमची इजा करू शकते. विदर्भात पावसाळ्यातील दमटपणाने भिंगांवर बुरशी धरते आणि मार्चअखेरच्या कोरड्या उन्हाळ्यात काचपट्टीवरचे पाणी निरीक्षण पूर्ण होण्याआधीच सुकते. पहिल्यासाठी पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि दुसऱ्यासाठी पाण्याऐवजी पातळ केलेल्या ग्लिसरीनचा थेंब वापरावा. संयुक्त सूक्ष्मदर्शक नसेल तर घडीच्या जाड कागदाचा ‘फोल्डस्कोप’ हाही पर्याय आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो जगापुढे मांडला. त्यात एकच बारीक भिंग असते आणि वर्धन साधारण १४० पट मिळते. तत्त्व जुनेच आहे: हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने सतराव्या शतकात एकाच लहान भिंगातून पाहून जीवाणूंचे पहिले वर्णन केले होते.

आता कांद्याच्या पापुद्र्याकडे पाहू. कांदा उभा कापून आतली एक रसदार पाकळी काढावी, तिच्या खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने ओढून घ्यावा आणि तो लगेच पाण्यात सोडावा. हवेत क्षणभर राहिला तरी तो गुंडाळला जातो. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो सपाट पसरून आयोडीनचा थेंब द्यावा आणि आच्छादन काच एका कडेने टेकवून तिरकी ठेवत हळूहळू खाली सोडावी. काच सरळ वरून टाकली तर हवा अडकते, आणि मग काळ्या जाड कडांची, अगदी वाटोळी, आत काहीही नसलेली वर्तुळे दिसतात. वर्गात ‘सर, पेशी सापडली’ म्हणून जी पहिली आरोळी उठते, ती बहुतेक वेळा या बुडबुड्यांसाठी असते. खरी पेशी इतकी वाटोळी नसते. तिच्या भिंती शेजारच्या पेशींच्या भिंतींना चिकटलेल्या असतात आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे ओळींचे सांधे मागेपुढे असतात.

आयोडीनने केंद्रक भोवतालच्या पेशीद्रव्यापेक्षा गडद होते म्हणून ते दिसते. याच आयोडीनने बटाट्याच्या पेशींतील पिष्टमय कण निळेकाळे होतात, पण कांद्यात तसे काही होत नाही, कारण कांदा आपला साठा स्टार्चच्या नव्हे तर शर्करेच्या स्वरूपात ठेवतो. कांद्याच्या पेशी हिरव्याही नसतात. वनस्पतिपेशीत हरितलवके असतात हे वाक्य पाठ असलेला विद्यार्थी येथे अडखळतो; वस्तुतः जमिनीखाली वाढलेल्या या भागात प्रकाशच पोहोचत नसल्याने तिथे हरितलवकांचे काम नसते. केंद्रक कुठे आहे हेही बारकाईने पाहण्याजोगे आहे. काही पेशींत ते कडेला टेकलेले दिसते, तर काहींत थेट मध्यभागी. ही दोन वेगळी रूपे नाहीत. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीचा बहुतेक भाग एका मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो आणि पेशीद्रव्य व केंद्रक भिंतीलगत ढकलले गेलेले असतात. मध्यभागी दिसणारे केंद्रक प्रत्यक्षात वरच्या किंवा खालच्या भिंतीला चिकटलेले असते आणि आपण ते वरून पाहत असतो. सूक्ष्म समायोजनाचा स्क्रू अगदी थोडा फिरवला की भिंत अस्पष्ट होऊन केंद्रक स्पष्ट होते आणि उलटही घडते. पेशीला खोली आहे, आणि सूक्ष्मदर्शक एका वेळी तिचा एकच थर दाखवतो, हे त्या स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात जितके कळते तितके आकृतीवरून कळत नाही.

केंद्रक सर्वप्रथम कोणी पाहिले यावर पुस्तकात एक ओळ असते: रॉबर्ट ब्राऊन, १८३१, ऑर्किडच्या पेशी. त्याआधी १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापातील पोकळ कप्पे पाहिले होते, पण त्या मेलेल्या पेशींच्या उरलेल्या भिंती होत्या. आत काही नव्हते म्हणून त्याला आतले काही दिसलेही नाही. श्लायडन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये सर्व वनस्पती आणि प्राणी पेशींचे बनलेले असतात हे मांडले, आणि पेशी ही आधीच्या पेशीपासूनच तयार होते हे सूत्र फिरखोने १८५५ मध्ये रूढ केले. या सनावळ्या परीक्षेपुरत्या पुरे आहेत. गॉल्गी संकुलाची कथा मात्र अधिक सांगण्यासारखी आहे. इटलीतील कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये चेतापेशींवर चांदीच्या क्षारांची प्रक्रिया करून पेशीच्या आत एक काळी जाळी पाहिली. इतरांना ती कधी दिसे, कधी दिसत नसे. त्यामुळे हे खरोखर पेशीचे अंगक आहे की रंगवण्याच्या प्रक्रियेत चांदी साचून उमटलेला डाग आहे, हा वाद जवळजवळ अर्धशतक चालला. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीचे पातळ काप पाहिले गेले, तेव्हा एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या स्पष्ट दिसल्या आणि वाद संपला. रंगाने जे दिसते ते पेशीतले की रंगातले, हा प्रश्न संशोधकांनाही पडलेला होता, मग तो आठवीतल्या मुलाने विचारला तर तो बावळटपणा ठरत नाही.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकात आणखी मोठे वर्धन बसवले तर तंतुकणिकेचे आतले पदर दिसतील का? नाही, आणि याचे कारण भिंगाच्या किमतीत नसून प्रकाशाच्या स्वरूपात आहे. प्रकाश ही तरंग आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. दोन बिंदू या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून जवळ असतील, तर त्यांच्यापासून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि एकच पुसट ठिपका उमटतो, हे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले. उत्तमात उत्तम साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा त्यामुळे ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास येऊन थांबते. शाळेतील ४० किंवा ४५च्या वस्तुभिंगाची ती साधारण अर्धा मायक्रोमीटर असते. यापुढे कितीही मोठी नेत्रिका लावली तरी तो पुसट ठिपका फक्त मोठा पुसट ठिपका होतो. तंतुकणिका या मर्यादेच्या अगदी काठावर असते आणि न रंगवता ती भोवतालात मिसळून जाते, म्हणून शाळेत दिसत नाही; रायबोझोम आणि पेशीपटल तर मर्यादेच्या फार खाली आहेत. इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी प्रकाशाच्या कित्येक हजार पटींनी कमी असते. त्यांचा वापर करणारा पहिला सूक्ष्मदर्शक क्नोल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये जर्मनीत बनवला आणि त्यासाठी रुस्का यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु इलेक्ट्रॉन हवेतून नीट जात नाहीत, म्हणून सर्वसाधारणपणे नमुना निर्वात जागेत, सुकवून, अतिशय पातळ कापून आणि जड धातूंच्या क्षारांनी माखून ठेवावा लागतो. त्या पद्धतीने पाहिलेली पेशी जिवंत नसते आणि चित्र काळे-पांढरे येते. पुस्तकातील जांभळे केंद्रक आणि केशरी तंतुकणिका हे रंग चित्रकाराने दिलेले असतात.

पेशीपटल शाळेत दिसू शकत नाही, तरी ते आहे याची खात्री शाळेतच करून घेता येते. आकृतीत मुले ज्या रेषेला पेशीपटल म्हणून बाण काढतात ती रेषा खरे तर पेशीभित्तिका, म्हणजे वनस्पतिपेशीची बाहेरची टणक भिंत, असते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरलेली ट्यूब जशी आतून टायरला चिकटून बसते आणि बाहेरून वेगळी दिसत नाही, तसे पेशीपटल भित्तिकेला आतून दाबून असते. ते वेगळे करायचे तर पेशीतील पाणी कमी करावे लागते. त्यासाठी लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा घ्यावा. त्याच्या रिक्तिकेत निसर्गतःच जांभळा रंगद्रव असतो, त्यामुळे आयोडीन लागत नाही. सुरुवातीला रंग चौकटीभर पसरलेला दिसतो. आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेला टिपकागद टेकवला, की थेंब आत ओढला जातो आणि पाहता पाहता जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटू लागतो, आक्रसतो, आणि काही मिनिटांत रिकाम्या चौकटीच्या आत एक लहान गडद गोळा उरतो. चौकट तशीच राहते, आक्रसते ते आतले. त्या गोळ्याची बाहेरची सीमा म्हणजेच पेशीपटल. यालाच रसाकुंचन म्हणतात. बाहेरचे द्रावण दाट असल्याने पटलातून पाणी बाहेर गेले, पण रंग आतच राहिला: पटल पाण्याला जाऊ देते आणि रंगद्रव्याला अडवते, हा निवडकपणा येथे डोळ्यांना दिसतो. पुन्हा साधे पाणी दिले तर जिवंत पेशी हळूहळू पूर्ववत फुगतात. हाच पापुद्रा आधी उकळत्या पाण्यात बुडवला असेल तर रंग बाहेर सांडतो आणि मिठाने काहीही घडत नाही, कारण पटल नष्ट झालेले असते.

शेतकऱ्याला हा प्रकार दुसऱ्या रूपात माहीत असतो. जमिनीत ओल नसताना युरिया बुंध्याजवळ जास्त पडला तर पीक ‘जळते’. मुळांभोवतीचे द्रावण पेशींतील द्रावणापेक्षा दाट झाल्याने पाणी मुळात शिरण्याऐवजी बाहेर येऊ लागते. बीटी कापसाची क्रियाही पेशीपटलावरच घडते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूतील एका प्रथिनाचे जनुक त्या कापसात घातलेले असते. बोंडअळीने पान किंवा बोंड खाल्ले की तिच्या अल्कधर्मी आतड्यात ते प्रथिन क्रियाशील होते, आतड्याच्या पेशींच्या पटलावरील ठरावीक प्रथिनांना चिकटते आणि पटलाला छिद्रे पाडते. मग पाणी आत शिरून पेशी फुगतात आणि फुटतात. प्राणिपेशीला भित्तिका नसल्यामुळे फुगणे थोपवणारे काही नसते. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१७च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने त्याच कापसाचे मोठे नुकसान केले. ज्या अळ्यांच्या आतड्याच्या पटलावरील प्रथिनांत बदल झाला होता, त्यांना विष पूर्वीसारखे चिकटत नव्हते. अशा अळ्या जगल्या आणि त्यांचीच पिढी वाढत गेली.

कापसाचा उल्लेख आलाच आहे, तर विदर्भातील विद्यार्थ्याला नुसत्या डोळ्यांनी पाहता येणारी एक पेशी त्याच्या घरातच असते हे सांगितले पाहिजे. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी आहे. फूल उमलते त्या सुमारास सरकीच्या बाहेरच्या त्वचेतील अनेक पेशी वर उंचावू लागतात आणि पुढील दोन-तीन आठवडे लांबच लांब वाढत जातात. ही वाढ मुख्यतः रिक्तिकेतील पाण्याच्या दाबाने होते. त्या काळात कोरडवाहू वावरातील ओल तुटली तर धागा आखूड राहतो, त्याचे एक कारण हे आहे. लांबी पूर्ण होत आली की भित्तिकेच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढू लागतात आणि बोंड फुटेपर्यंत चढत राहतात. बोंड फुटल्यावर पेशी मरते, आतले द्रव्य सुकते, पोकळ नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतो. तयार तंतू २५ ते ३० मिलिमीटर लांब आणि जेमतेम १५ ते २० मायक्रोमीटर रुंद असतो. घरातील कापसाचे दोन-चार तंतू सुटे करून पाण्याच्या थेंबात १०० पट वर्धनाने पाहिले तर हे पीळ स्पष्ट दिसतात. शेजारी पॉलिएस्टरचा धागा ठेवला तर तो सरळ, गुळगुळीत कांडीसारखा दिसतो. पिळांमुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि सूत निघते. अपक्व तंतूची भित्तिका पातळ असते, तो अगदी चपटा दिसतो आणि रंगही नीट घेत नाही. कापसाच्या हमीभावाच्या प्रतवारीत धाग्याच्या लांबीबरोबर जो मायक्रोनेअर पाहतात, तो तंतूचा बारीकपणा आणि त्याच्या भित्तिकेची भरण यांवर अवलंबून असतो. लांबीपुढे तिची रुंदी फारच कमी असल्याने ही पेशी पाठ्यपुस्तकातील कोणत्याच आकृतीत बसत नाही, हा तिचा शिकवण्याच्या दृष्टीने मोठा गुण आहे. जाता जाता संत्र्याबद्दलही सांगायला हवे: फोडीतील रसाने भरलेली पाकळीवजा पिशवी ही एक पेशी आहे, असा समज पुष्कळांचा असतो, तो चूक आहे, प्रत्येक पिशवी अनेक पेशींची बनलेली असते.

जिवंत पेशीतील हालचाल पाहायची असेल तर पूर्व विदर्भातील शाळा भाग्यवान आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील मामा तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांत, हायड्रिला ही पाणवनस्पती आढळते. तिचे पान मध्यशीर सोडल्यास केवळ दोन पेशींच्या थरांइतके जाड असते, त्यामुळे ते कापावे, सोलावे किंवा रंगवावे लागत नाही. शेंड्याजवळचे कोवळे पान तलावाच्याच पाण्यात काचपट्टीवर ठेवायचे. हरितलवके सुमारे पाच मायक्रोमीटरची आणि स्वतःच रंगीत असल्याने ४०० पट वर्धनाला स्वच्छ दिसतात. काही वेळ उजेडात ठेवलेल्या पानात ती भित्तिकेच्या कडेकडेने एकामागे एक सरकताना दिसतात, कोपऱ्यावर वळतात आणि पेशीला प्रदक्षिणा घालतात. लवके स्वतः चालत नाहीत. वाहते ते पेशीद्रव्य. मधला मोकळा भाग लवके ओलांडत नाहीत, कारण तिथे रिक्तिका असते. कांद्यात जी रिक्तिका केंद्रकाच्या जागेवरून अनुमानाने ओळखावी लागली, ती येथे प्रवाहाच्या वाटेवरून ओळखता येते.

प्राणिपेशीसाठी शाळेत गालाच्या आतील बाजूने स्वच्छ, बोथट काडी फिरवून मिळालेला नमुना मिथिलीन ब्ल्यूने रंगवतात. प्रत्येकाने स्वतःचाच नमुना घ्यावा आणि काडी लगेच जंतुनाशकात टाकावी. या पेशी चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या आणि कुठे दुमडलेल्या असतात, मध्यभागी निळे केंद्रक असते, आणि भित्तिका नसल्याने त्यांना ओळीत बसवणारे काही नसते. परीक्षेच्या प्रयोगवहीत मात्र याच पेशी सारख्या आकाराच्या गोल चकत्यांप्रमाणे काढलेल्या आढळतात, आणि त्यांत न दिसलेल्या तंतुकणिकाही काढलेल्या असतात. माझ्या मते अशा आकृतीला गुण देऊ नयेत. जे दिसले तेवढेच काढून, शेजारी वर्धन लिहिलेली साधी रेषाकृती त्याहून कितीतरी अधिक मोलाची आहे.

रक्तपेशींच्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकत्र येतात, आणि विदर्भात हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते. दोन्ही बाजूंनी खोलगट अशा चकतीसारखी ती असते, म्हणून मध्यभागी फिकट दिसते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवतापासाठी घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीत याच पेशींच्या आत वाढणारा परजीवी शोधतात. तो इतका लहान असतो की तेलाचा थेंब लावून वापरायच्या १००च्या वस्तुभिंगाने, १००० पट वर्धनाला तो पाहावा लागतो. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते. एवढ्या बदलाने प्राणवायू कमी असताना हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडून लांब काड्या तयार होतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १२० दिवसांऐवजी साधारण १० ते २० दिवसच टिकते. शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, ते सूक्ष्मदर्शकात पाहूनच. परंतु आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेल्या वाहक व्यक्तीच्या नेहमीच्या रक्तपट्टीतील पेशी बहुधा अगदी निरोगी दिसतात. रक्तातील प्राणवायू रसायनाने काढून घेतला तर वाहकाच्या पेशीही विळ्याच्या आकाराच्या होतात, पण मग वाहक आणि रुग्ण यांच्यातला फरक दिसेनासा होतो. आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणीही सदोष हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. म्हणून ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करतात, आणि तिच्यात पेशी न पाहता पेशी फोडून आतल्या हिमोग्लोबिनचे निरोगी आणि सदोष असे दोन्ही प्रकार वेगळे करून मोजतात. लग्नाआधी दोघांचीही ही तपासणी करून घ्यावी असे आरोग्य कर्मचारी सांगतात, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक इतकी असते.